तठे आपलं कोन शे?

यंदाच्या मे महिन्यात सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आमच्या घरी तो प्रश्न पुन्हा निघाला. भावाच्या मुलीचं बी.एस्सी. झालं होतं आणि तिला एम.एस्सी.साठी दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. एक पुण्याचं विद्यापीठ, आणि दुसरं आणंदच्या बाजूला, कॉलेजांसाठीच वसवलेल्या एका लहान गावातलं. सगळे पुढच्या खोलीत जमले होते. कूलर घरघरत होता. माय मांडीवर साडी घेऊन मागच्या बाजूचे लोंबते धागे कापत होती, कारण घरात लग्न असो की मयत, आलेला माल तिला संध्याकाळपर्यंत परत द्यावाच लागतो. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. पोर काय शिकणार, कोण शिकवणार, प्रयोगशाळा कशी आहे, यातलं काहीएक न विचारता त्यांनी आमच्या अहिराणीत एवढंच विचारलं.

"तठे आपलं कोन शे?"

तिथं आपलं कोण आहे. लगेच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण पुण्याला मी आहे.

वीसेक वर्षांपूर्वी याच खोलीत, हीच दोन ठिकाणं समोर ठेवून, आबांनी हाच प्रश्न माझ्याबाबतीत विचारला होता. तेव्हा ही भाची पाळण्यात होती. त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून निस्तरते आहे, आणि मला त्याचा राग अजून येतो. वय वाढलं की राग निवतो असं लोक म्हणतात. माझा तरी निवलेला नाही.

आमचं अर्धं गोडादरा या एका प्रश्नावर वसलेलं आहे. गावाकडून एक जण सुरतेला आला, त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं मेव्हण्याला. आबा असेच आले. त्यांच्या चुलत्यांनी त्यांना उधना स्टेशनवर उतरवून घेतलं आणि भेस्तानच्या एका लूमच्या कारखान्यात नेऊन उभं केलं. कारखान्याला इकडे खातं म्हणतात. तिथल्या शेठनं आबांना काम येतं का हे विचारलंच नाही. "किसका आदमी है?" एवढंच विचारलं. चुलत्यांनी "मेरा" म्हटलं आणि आबा लागले. पुढं जन्मभर त्यांनी लूम चालवले, त्या खडखडाटात कानानं अर्धे बहिरे झाले, आणि आमच्या घरात सगळ्यांना ओरडून बोलायची सवय लागली.

त्या काळात गावचे आठ-दहा पुरुष एका खोलीत राहायचे. त्या खोलीचा एक रिवाज होता आणि तो आबा आम्हाला हौसेनं सांगत. सगळ्यांत शेवटी आलेल्यानं सगळ्यांचा स्वयंपाक करायचा, पाणी भरायचं, भांडी घासायची. पाळी करून आला असला तरी त्यानंच करायचं. गावाकडून पुढचा नवा आला की याची सुटका. "मी सात महिने भाकरी थापल्यात," असं सांगून आबा हसायचे, "मग आपल्या गावचा एक आला, मी त्याला पिठाचा डबा दाखवला आणि झोपलो." ऐकून आम्हीही हसायचो. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे मला आता सांगता येणार नाही.

बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेणारी आमच्या गल्लीतली मी पहिली. मराठी शाळा, मग गुजराती वर्गसोबती, मग इंग्रजी पुस्तकं, असं सगळं ओलांडत मी आले होते आणि मला पुढं संशोधन करायचं होतं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, कारण आमच्याकडे पोरीनं पुढचं बोललं की लगेच स्थळं यायला लागतात. पण मला माहीत होतं. काचेच्या ताटलीत रात्रीतून वाढलेले ठिपके सकाळी पहिल्यांदा पाहिले तेव्हाच मला कळलं होतं की हे मला आयुष्यभर करायचंय.

त्या कॉलेजांच्या गावात आबा मला घेऊन गेले होते, हे मान्य करायला हवं. त्यांनी त्यासाठी पाळी बुडवली. आम्ही सकाळी तिथं पोचलो. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना कडुनिंब, आणि जिकडे पाहावं तिकडे सायकलवरची, ओल्या केसांची, वह्या छातीशी धरलेली पोरं-पोरी. गावाला दुसरा उद्योगच नव्हता. झेरॉक्सवाला, वहीवाला, नाश्त्याच्या हातगाड्या, सगळे विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकावर चालणारे. मुलींचं वसतिगृह प्रयोगशाळेपासून हाकेच्या अंतरावर होतं. तिथल्या बाईंनी मला एक खोली दाखवली. खिडकीखाली टेबल होतं. मी त्यावर हात ठेवून पाहिला. आमच्या घरात टेबल नव्हतं, मी पेटीवर वही ठेवून लिहायची, म्हणून असेल, पण ते टेबल मला आजही जसंच्या तसं आठवतं.

आबा दुसरंच काही शोधत होते. रिक्षावाल्याला त्यांनी विचारलं, धुळे-नंदुरबारकडचं कुणी आहे का इथं. चहावाल्याला विचारलं, फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं. शेवटी वसतिगृहाच्या बाईंनाच हिंदीत विचारलं, इथं आमच्यातलं कुणी असेल तर बरं, पोरीकडे लक्ष राहील. बाई मोठ्या गोड होत्या. त्या म्हणाल्या, "अहीं बधा आपणा ज छे, भाई." इथं सगळे आपलेच आहेत.

आबांनी मान डोलावली. स्टेशनवर गाडीची वाट बघताना मात्र ते म्हणाले, "बठा आपला म्हंजे कोनीच नई." सगळे आपले म्हणजे कुणीच नाही.

घरी आल्यावर निकाल लागायला वेळ लागला नाही. पुण्याला आबांची चुलत बहीण होती, ज्या चुलत्यांनी त्यांना सुरतेत आणलं त्यांची मुलगी. माझी फुई, म्हणजे आत्या. "फुई शे ना पुनाले," आबा म्हणाले. "पोर एकली कशी राही?" माय म्हणाली. मी म्हटलं, वसतिगृहात दोनशे मुली आहेत, एकटी कशी? पण दोनशे परक्या पोरी म्हणजे आमच्या हिशेबानं एकटीच. शिवाय पुणे म्हणजे मोठं शहर, मोठं विद्यापीठ, आणि मराठी मुलूख. खात्यात सांगताना आबांची छाती फुगली असणार. मला गल्लीत बायका थांबवून सांगायच्या, नशीब काढलंस. लहान गाव सोडून मोठ्या शहराला पोरीला पाठवणारा बाप म्हणून आबांचं कौतुक झालं. मोठ्या शहराचं मला कधीच वावडं नव्हतं. मोठ्या शहरात मला एक टेबल मिळालं असतं तर मी नाचत गेले असते.

मला मोठं शहर मिळालंच नाही. मला हडपसरच्या पुढचं एक स्वयंपाकघर मिळालं.

फुई वाईट नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण वाईट बाईशी भांडता तरी येतं. तिनं मला पहिल्या दिवशी ओवाळून घरात घेतलं, नवा ड्रेस घेतला, "माझीच पोर" म्हणून शेजारणींना दाखवलं. तिचे गुडघे दुखायचे, सून नोकरीला जायची, सुनेचं बाळ लहान होतं. मी काय करू लागेन हे कुणी ठरवलं नाही. पहिल्या सकाळी फुई पीठ मळताना कण्हली, मी उठून परात घेतली, आणि ती परात दोन वर्षं माझ्याकडेच राहिली. पोळ्या, डबे, टँकर आला की पाणी, बाळाची अंघोळ. मग दोन बस बदलून विद्यापीठ. तिथं पोचेपर्यंत पहिलं लेक्चर निम्मं झालेलं असायचं आणि माझ्या बोटांना लसणाचा वास यायचा.

आमच्या विषयात दुपारी पेरलेलं संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन बघावं लागतं. जंतूंना सुटीचा वार कळत नाही. बाकीच्या मुली वसतिगृहातून चपला घालून निघायच्या आणि पाच मिनिटांत प्रयोगशाळेत असायच्या. मला साडेचार वाजले की फोन यायचा. "निघाली का?" बाळाला पाळणाघरातून आणायचं असायचं. मी पेरून ठेवलेल्या ताटल्या दुसरंच कुणीतरी बघायचं आणि कागदावर आकडे लिहून ठेवायचं. ते आकडे मी वहीत उतरवून घ्यायची. ज्या गोष्टीसाठी मी गाव सोडलं होतं ती गोष्ट मला उतरवून घ्यायला मिळत होती.

दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी प्रयोगशाळेत जागा वाटल्या. आमचे सर तापट होते पण हुशारी ओळखायचे. त्यांना माझ्याकडून मातीतल्या जंतूंचं काम करून घ्यायचं होतं, पुढं पीएच.डी.लाही तेच चाललं असतं. त्यांनी विचारलं, रात्री थांबता येईल का? मी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. ते म्हणाले, "तुम्ही लांब राहता ना, ठीक आहे." ती जागा नागपूरच्या एका मुलीला गेली. मला ग्रंथालयात बसून लिहायचा विषय मिळाला, इतरांनी केलेल्या कामाचा आढावा. ती मुलगी पुढं परदेशी गेली. तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, तिनं मेहनत केली. पण "ठीक आहे" हा शब्द मला आजही कुणी उच्चारला की अंगावर येतो.

सरांना मी का नाही सांगितलं? वसतिगृहात अर्ज का नाही केला? माझ्या नवऱ्यानं हे मला कितीदा विचारलंय. त्याला वाटतं तेवढं ते सोपं नव्हतं. फुईचं घर सोडून वसतिगृहात जाणं म्हणजे फुईच्या तोंडाला काळं फासणं. भाची राहिली नाही, म्हणजे ठेवून घेणाऱ्यांनी छळ केला असणार, असंच गोडादऱ्यात बोललं गेलं असतं. आणि फुईच्या बापानं "मेरा" म्हटलं नसतं तर आबा सुरतेत उभेच राहिले नसते. दिवाळीला घरी आले की आबा विचारायचे, फुईकडे बरं आहे ना? मी बरं आहे म्हणायची. माय माझ्या हातांकडे बघायची, माझे हात तिच्या हातांसारखे झाले होते, पण ती काही विचारायची नाही. मला वाटायचं, यांना माहीत नाही. यांना कळलं तर आबा पुढच्याच गाडीनं येतील आणि मला घेऊन जातील. या विश्वासावर मी ती दोन वर्षं काढली, आणि त्यानंतरची पण काढली.

एम.एस्सी. पदरात पडली, सेकंड क्लास. फुईनंच पुण्यातलं स्थळ काढलं, अर्थात आपल्यातलंच. मी आता एका खाजगी प्रयोगशाळेत लोकांच्या टाक्यांचं आणि बोअरिंगचं पाणी तपासते. बाटली येते, मी तपासते, पाणी पिण्यालायक आहे किंवा नाही असा शिक्का मारते. नोकरी वाईट नाही. आबा अजून लोकांना सांगतात, माझी पोरगी पुण्यात सायंटिस्ट आहे. मी त्यांना दुरुस्त करत नाही.

तर यंदाच्या मे महिन्यात सगळे माझ्याकडे बघत होते. त्याच्या आदल्या संध्याकाळी भाची मला गच्चीवर घेऊन गेली होती. ही पोर निम्मं गुजरातीत, निम्मं हिंदीत बोलते, अहिराणी तिला समजते पण जिभेवर येत नाही. ती म्हणाली, "फुई, मला पुणे नको. मी ते दुसरं बघून आले ना, फ्रेंडच्या सोबत. त्यां बहु शांति छे. लॅब रात्री पण चालू असते." मी तिला विचारलं, आबांना सांगितलंस? ती म्हणाली, "आबांना कोण सांगणार." मी तिच्याकडे पाहिलं. मी तिची फुई होते, हे नातं मला त्या क्षणापर्यंत कधी जड वाटलं नव्हतं.

"पुनाले ही शे," आबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "झाला सवाल खतम."

"तुनाकडे राही ती," भाऊ मला म्हणाला. "दोन वरीसना तर सवाल शे."

मी म्हटलं, माझ्याकडे जागा नाही.

मायची कात्री थांबली. जागा आहे, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मागच्याच वर्षी भाऊ-वहिनी येऊन राहून गेले होते आणि आतली खोली मोकळीच असते. भावाचा चेहरा लाल झाला. वहिनी उठून आत गेली. भाची माझ्याकडे बघत होती, आणि तिला वाटलं असणार की मी खरंच तिला टाळते आहे.

आबांना ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा मोठ्यानं सांगितलं. त्यांनी हात झटकला.

"जागा काय लागस? पोर शे, कोठे बी झोपी जाई. तुलेच मदत व्हई. सैपाक करी, भांडा करी." मग अगदी सहज, जुनी गोष्ट सांगावी तसं, ते म्हणाले, "तू बी करेच ना फुईकडे. बठं घर तूच करे. फुई लगनमा सर्वास्ले सांगे. आते तुना नंबर उना बसानं."

मी पण करायचेच ना फुईकडे. सगळं घर मीच करायचे. फुई लग्नांमधून सगळ्यांना सांगायची. आता बसायची पाळी माझी आली.

मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. आबांना माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं, मी लसणाच्या हातांनी बसमध्ये उभी असायची तेव्हाही माहीत होतं, आणि त्यांना त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. उलट अभिमान वाटला होता. ज्या खोलीत ते स्वतः शेवटी आलेले म्हणून भाकरी थापत होते, त्याच खोलीत त्यांनी मला पाठवलं होतं. विद्यापीठ त्या खोलीच्या बाहेरची गोष्ट होती. आणि आता त्यांनी माझ्यासाठी नवा माणूस शोधला होता, माझी सुटका करायला. हे सगळं ते प्रेमानं बोलत होते. तेच मला सहन झालं नाही. मी मायकडे पाहिलं. तिनं कात्री उचलली आणि धागे कापायला लागली. म्हणजे तिलाही माहीत होतं.

"करत व्हतू," मी ओरडून म्हटलं, आबांना ऐकू जावं म्हणून आणि नुसतं त्यासाठी नाही. "म्हनीसनच नई म्हनस मी."

करत होते. म्हणूनच नाही म्हणते. आबांना शब्द ऐकू आले, पण ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी कुठल्यातरी परक्या भाषेत बोलत होते. मी पुढं सांगितलं, पुण्यात तिचं कुणी नाही असं समजा, मी मेले असं समजा. आता दोन्हीकडे आपलं कुणी नाही, तर तिला हवं तिकडे जाऊ द्या. मरणाचं बोलणं आमच्याकडे अशुभ. वहिनी आतून बाहेर आली आणि म्हणाली, एवढं होतं तर सरळ नाही म्हणायचं होतं.

मी त्याच दिवशी दुपारच्या बसनं निघाले. कामरेजला हायवेवर बस थांबली तेव्हा भावाचा फोन आला, मला वाटलं परत बोलावतोय. माझा चार्जर राहिला होता, तो कुणासोबत पाठवू, हे त्यानं विचारलं आणि फोन ठेवला.

पोर त्या कॉलेजांच्या गावात गेली. तिनं घरात काय रडारड केली, किती दिवस जेवली नाही, ते मला तिसऱ्याकडून कळलं. आबा माझ्याशी बोलत नाहीत. फोनवर माय बोलते, तेही पाऊस-पाणी. गोडादऱ्यात माझ्याबद्दल काय बोलतात ते मला कुणी सांगायला नको. पुण्याला राहून माणूस कसा होतो, याचं उदाहरण म्हणून आता मी आहे.

गेल्या रविवारी भाचीचा फोन आला. तिनंही मे महिन्यापासून अबोला धरला होता, त्यामुळे मी स्क्रीनवर नाव पाहून घाबरलेच. ती थोडी अवघडून बोलत होती. खोली कशी आहे, सोबतची मुलगी कुठली आहे, मेसचं जेवण कसं आहे. मग म्हणाली, "फुई, इथं आपलं कुणीच नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काय," ती म्हणाली, "आज जेवून दुपारी झोपले. उठले तर चार वाजलेले. मग लॅबला जाऊन आले."

मी म्हटलं, छान. फोन ठेवल्यावर मी आत जाऊन त्या रिकाम्या खोलीत पलंगावर बसले. मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही असेल, पण खरं सांगायचं तर त्या पोरीच्या दुपारच्या झोपेचा मला इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं.